नेपोलियन खरंच बुटका होता का?

नाही. मृत्यूनंतर त्याची उंची ५ फूट २ इंच नोंदवली गेली, पण ती फ्रेंच मापात, आणि फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा. आजच्या हिशेबाने ती साधारण १६८ सेंटिमीटर भरते. त्या काळच्या फ्रान्समध्ये ही उंची चारचौघांसारखीच.

त्याला बुटकं केलं ते मुख्यतः जेम्स गिलरे या लंडनच्या व्यंगचित्रकाराने. १८०३ पासून त्याच्या चित्रांत 'लिटल बोनी', म्हणजे छोटा बोनापार्ट, थयथयाट करताना दिसतो. सगळ्यात गाजलेलं चित्र मात्र फेब्रुवारी १८०५ चं. त्यात पृथ्वी म्हणजे ताटातलं वाफाळतं प्लम पुडिंग, एक गोल इंग्रजी गोड पदार्थ. ब्रिटिश पंतप्रधान विल्यम पिट ऐटीत बसून महासागराचा वाटा कापून घेतोय, आणि नेपोलियन खुर्चीतून अर्धवट उठून तलवारीने युरोपचा तुकडा पाडतोय. पिटच्या हातातला काटा त्रिशूळासारखा आहे, समुद्रावरच्या सत्तेची खूण. पण नीट बघा, गिलरेने पिटलाही सोडलेलं नाही. तो काडीसारखा वाळलेला आहे, आणि हावरेपणात दोघंही सारखेच! १७९७ पासून काही वर्षं याच पिटच्या सरकारकडून गिलरेला पेन्शन मिळत होतं, हे लक्षात घेतलं की चित्राची धार जास्तच जाणवते. मला ते म्हणूनच थोर वाटतं.

ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत आणि हाताने रंगवत. हॅना हम्फ्री यांच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या दुकानात ती विकली जात. ज्यांना परवडत नसत ते दुकानाच्या काचेबाहेर गर्दी करून बघत.