समुद्रकिनाऱ्यावरचे पक्षी जायकवाडीला दिसतात का? कधी जावं?

तुमचा प्रश्न असा, की लातूरहून थेट ठाण्याच्या खाडीपर्यंत जाण्यापेक्षा फ्लेमिंगो आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी जायकवाडीलाच बघता येतील का, आणि येत असतील तर कोणत्या महिन्यात. येतात, भरपूर येतात. महिना मात्र कॅलेंडरमध्ये शोधू नका, पेपरात धरणाची टक्केवारी छापून येते तिच्यात शोधा.

खाडीवर पक्षी बघणारी माणसं भरती-ओहोटीच्या वेळा बघून घर सोडतात. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पांगतात, पाणी चढलं की काठाकडं रेटले जातात. हे दिवसातून दोनदा. आमच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, ओहोटी वर्षातून एकदाच लागते, आणि ती आणतो पाटबंधारे विभाग. धरण १५२२ फुटांवर, म्हणजे काठोकाठ असलं, की पाणी थेट बांधाला आणि बाभळीच्या बुडाला टेकलेलं असतं. अशा वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हौसेनं गेलेले लोक ‘काहीच नाही हो तिथं’ म्हणत परततात. बदकं असतात, पण पार मधोमध ठिपक्यांएवढी. चिखल्या आणि तुतवार या काठच्या चिखलात टिपणाऱ्या पक्ष्यांना तर पाय टेकायला जागाच नसते.

मग रब्बीची आवर्तनं सुटतात, म्हणजे पिकांसाठी कालव्यांत पाळीपाळीनं पाणी सोडतात. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, परभणीकडं जाणारा. उजवा १३२ किलोमीटरचा, माजलगावपर्यंत. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २७ किलोमीटर रुंद, पण परातीसारखा उथळ. त्यामुळं पातळी थोडी जरी उतरली तरी काठ लांबवर मागं सरकतो आणि काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पक्ष्यांची गर्दी होते ती यासाठी. थंडी आहे म्हणून ते उत्तरेकडून इकडं येतात हे खरं, पण काठावर कुठं आणि किती दिवस थांबायचं ते गाळ ठरवतो.

या उघड्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात, हरभरा नाहीतर गहू टाकतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब नावाचे जंगली हंस रात्री-पहाटे त्याच कोवळ्या पिकात चरतात आणि उजाडल्यावर पाण्याकाठी येऊन बसतात. डोक्याच्या मागं दोन काळे पट्टे, ओळखायला एकदम सोपे. पिकाच्या मालकाला त्यांचं तितकंसं कौतुक नसतं, हे लक्षात ठेवून बांधावर वागा.

आता फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित किंवा अग्निपंख. ठाण्याच्या खाडीत मोठे थवे दिसतात ते मुख्यतः लहान रोहिताचे. चोच गडद लाल, खाणं निळं-हिरवं शेवाळ. जायकवाडीला येतो तो बहुतेक मोठा रोहित. याची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. खाताना दुर्बिणीतून निवांत बघा: मान खाली सोडून डोकं अक्षरशः उलटं करतो, चोचीचा वरचा भाग तळाला लागतो, आणि जीभ पंपासारखी मागं-पुढं करत पाणी गाळून बारीक जीव तेवढे ठेवून घेतो. मधूनच एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, तळाचा गाळ ढवळायला.

पण रोहित दिसले नाहीत तर हिरमुसू नका. ते आज इथं, उद्या उजनीला. माझं मत विचाराल तर थापट्या बदकांचा घोळका जास्त बघण्यासारखा: रुंद फावड्यासारखी चोच पाण्यात बुडवून एकामागं एक गोल गोल फिरत राहतात, पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळून खातो. शेकाट्या, चमचे, चित्रबलाक, चक्रवाक, नदी सुरय, कुरव हे सगळे आहेतच. कालवफोड्या आणि समुद्री बगळ्यासाठी मात्र खाऱ्या पाण्यावर जावंच लागेल, त्यांचं पोट तिथल्या खेकड्या-कालवांवर.

जागेचं म्हणाल तर पैठणजवळ सोनेवाडी आणि पिंपळवाडीचा काठ. पाणी पैठणच्या पश्चिमेला, म्हणजे सकाळी ऊन पाठीशी राहतं आणि रंग नीट कळतात. संध्याकाळी समोरून उजेड येतो, सगळे पक्षी काळे दिसतात. त्यात दुपारनंतर वारा सुटून लाटा उठतात. त्यामुळं आदल्या दिवशी पैठणला मुक्काम करा, उजाडायच्या आत काठावर पोचा. फक्त नाथषष्ठीचे दिवस टाळा, ती साधारण मार्चमध्ये येते आणि गावात पाय ठेवायला जागा नसते.

दुर्बीण ८×४२ पुरते. भेगा पडलेला गाळ वरून टणक वाटतो, खाली लोण्यासारखा मऊ असतो. गुडघाभर रुतल्यावर बूट तिथंच राहतो. जनावरं जिथून पाण्यावर जातात ती वाट धरा. फोटोसाठी थवा उठवू नका, १९८६ पासून हे अभयारण्य आहे. होडी किंवा ड्रोनचा विचार असेल तर आधी वन खात्याला विचारा.

आणि टक्केवारी वाचताना एक ध्यानात घ्या: पेपरातला आकडा उपयुक्त साठ्याचा असतो. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे, मृतसाठ्याचं ७३८ दशलक्ष घनमीटर पाणी खाली उरतं. २०१६ मध्ये तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात जायकवाडीही मृतसाठ्यात होती. अशा वर्षी गाळ मैलभर पसरतो आणि पक्षी इतक्या लांब राहतात की साध्या दुर्बिणीतून नीट दिसत नाहीत. साधारण साठ-सत्तर टक्के असताना, पाणी उतरणीला लागलेलं असेल, तेव्हा निघा. वर्ष फारच कोरडं असेल तर गोदावरीवरच, पण वरच्या अंगाला, निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. तिथं बंधारा छोटा, पक्षी जवळून दिसतात आणि बघायला मनोरेही बांधलेले आहेत.