जिथे अंथरूण, तिथलं घड्याळ

प्रिय मुली,

तुझा निरोप आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. पहाटेचे पाच अठ्ठावीस. हिवाळ्यात तुमच्या-आमच्यात साडेचार तासांचं अंतर, म्हणजे श्टुटगार्टला रात्रीचा एक वाजायला दोन मिनिटं कमी होती. सकाळी पावणेआठला शाळा असलेली सोळा वर्षांची मुलगी त्या वेळी जागी का, असं मनात आलं, आणि उत्तर तूच सोबत जोडलेलं होतंस.

शाळेचं वेळापत्रक किती भयंकर आहे हे दाखवायला तू स्क्रीनशॉट पाठवलास. वेळापत्रक मी नंतर वाचलं. आधी नजर गेली वरच्या कोपऱ्यात. तिथे 5:26 होतं. जुलैपासून तू जर्मनीत आहेस आणि तुझ्या फोनवर अजून कोथरूडची वेळ आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाकडे मी लगेच येत नाही. "बाबांना सांगून परत येऊ का? आजीकडे राहून बारावी करते." येशीलही. पण पुण्याच्या वेळेवर पाच-सहा महिने काढलेल्या मुलीने श्टुटगार्टबद्दल काय ठरवायचं? तू तिथे अजून पोचलेलीच नाहीस. सुरुवातीला असंच होतं, सवय होईल, हे सगळं तुला बाकीच्यांनी सांगून झालं असणार, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला एकच सांगायचंय. जिथे अंथरूण, तिथलं घड्याळ. आज झोपायच्या आधी फोनवरची वेळ बदल.

एवढ्याने काय होणार, असं वाटलं ना? थांब जरा.

मी 1985 च्या जूनमध्ये त्याच गावात गेले, पंधरा वर्षांची असताना, बाबांची दोन वर्षांसाठी बदली झाली म्हणून. हे तुला जर्मनच्या वर्गात सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. निघताना आजोबांनी मला एचएमटीचं घड्याळ दिलं, किल्लीचं. विमानात बाबांनी आपलं घड्याळ मागे केलं, आईने केलं, मी केलं नाही. ते घड्याळ पंधरा महिने पुण्याच्या वेळेवर चाललं. रोज रात्री अंथरुणात बसून किल्ली द्यायची, फिरकी घट्ट लागेपर्यंत, मग कानाला लावून टकटक ऐकायची आणि मगच दिवा मालवायचा. वर्गात भूगोल चालू असला की मी मनगट बघायचे: आत्ता वाड्यात दुपारचं पाणी आलं असेल, आत्ता आजी निवडायला बसली असेल, आत्ता मैत्रिणी शाळेतून सायकली हातात धरून गप्पा मारत निघाल्या असतील. फळ्यावर काय चाललंय ते मला कळत नसे. भाषा येत नाही म्हणून कळत नाही, असं सगळे समजत, आणि मीही तसं समजू देत होते.

शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला तीनदा घरी बोलावलं. तीनदा मी काहीतरी कारण सांगितलं. चौथ्यांदा तिने विचारलं नाही. चाळीस वर्षं झाली, मला अजून तिचा तिसऱ्या वेळचा चेहरा आठवतो.

आणि हे मी ज्यांच्यासाठी करत होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वाड्यातल्या मैत्रिणी आपापल्या वेळेला जेवत होत्या, झोपत होत्या. माझ्यासाठी कोणी तिथे जागं राहत नव्हतं, आणि राहण्याचं काही कारणही नव्हतं. तुझ्या ग्रुपवरच्या मुलीही राहत नाहीत. त्या वाईट आहेत असं नाही. त्यांना सकाळी क्लास असतो.

एकच माणूस वेगळं वागायचं. आमच्या घरी फोन नव्हता, खालच्या मजल्यावर काकांकडे होता. दर रविवारी संध्याकाळी पाचला आजी जिना उतरून त्यांच्याकडे येऊन बसायची आणि बाबा श्टुटगार्टहून फोन लावायचे. तीन मिनिटं, त्यात चौघांनी बोलायचं. माझ्या वाट्याला आलेल्या अर्ध्या मिनिटात आजी पहिलं विचारायची, "तिथे किती वाजले गं?" आणि मी मनगट बघून सांगायचे, "पाच." आजी म्हणायची, "ते माझ्याकडे वाजलेत. तुझ्याकडे किती?" दर रविवारी. तिला माझी दुपार हवी होती. ऊन आहे का, जेवण झालं का, मी कुठे उभी आहे. आणि मी तिला तिचीच वेळ परत देत होते. ह्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. तुला लवकर लागावा म्हणून एवढं लिहितेय.

घड्याळ बदललं ते काही शहाणपण सुचून नाही. 1986 च्या सप्टेंबरात मला ताप आला आणि दोन रात्री किल्ली द्यायची राहिली. जाग आली तेव्हा काटे अडीचला उभे. कुठले अडीच, ते कळायला मार्ग नाही. तेवढ्यात चर्चचे टोल सुरू झाले आणि मी पडल्या पडल्या मोजले. सात. त्या सातावर मी काटे लावले. साडेतीन तास मिळवायचे हे मला माहीत होतं, पाठच होतं. मिळवले नाहीत.

पुढच्या शनिवारी आमच्या दारावर केअरवोखंची पाटी लटकली. तुमच्या इमारतीतही असेल ती. ज्यांची पाळी त्यांनी त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. तोवर ते काम आई करायची. त्या दिवशी मी केलं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई दार उघडून बघत उभ्या राहिल्या, एका पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, मी तो पुन्हा पुसला. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी फिअर्टल आख्टला सुरू कर. मी पुस्तकातून शिकलेली, मला वाटलं सव्वाआठ. त्या बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं करून शिकवलं: आठव्या तासाचा पाव भाग झाला, म्हणजे सव्वासात. हाल्ब आख्ट, आठवा तास अर्धा झाला, साडेसात. द्रायफिअर्टल आख्ट, पाऊण झाला, म्हणजे आपले पावणेआठ. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पावणेआठ हा शब्द मोठ्याने म्हटला, मराठीत, तिथे गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेरच्या कोणाला ऐकू जाईल असा.

वर्गात मी दरवर्षी हे शिकवते आणि तरी तू विचारतेस, "हाल्ब फिअर म्हणजे साडेचार ना?" साडेतीन! किती वेळा सांगितलं होतं, अडीच आठव. अडीच कुठून आला? अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दीडही तसाच, दुसरा अर्धा. जर्मन माणूस हाल्ब द्राय म्हणतो तेव्हा तो अडीचच म्हणतो, अक्षरशः. परक्या भाषेत आपल्या आजीच्या हिशेबाची रीत सापडते ती अशी, तिथल्या घड्याळाखाली उभं राहिलं की. फोनवर पुण्याची वेळ ठेवून ती सापडत नाही. जिथे अंथरूण, तिथलं घड्याळ.

तू म्हणशील, मॅडम, तुम्हीच तर वर्गात मुंबईचं कौतुक केलं होतं. केलं होतं. 1906 साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने केवढा विरोध केला, आणि 39 मिनिटं मागची आपली मुंबई वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. पण तो हट्ट कशासाठी होता ते बघ ना. मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताचा सूर्य आम्हाला नको, आमच्या डोक्यावर येईल तो आमचा मध्यान्ह, असं ते म्हणत होते. ते माझ्या बाजूने आहेत. पंचांगही माझ्या बाजूने आहे. संकष्टीचा चंद्रोदय गावोगावचा वेगळा दिलेला असतो तो उगाच नाही. तुझी आजी कोथरूडला बसून नागपूरचा चंद्र बघून उपास सोडत नाही.

दिवाळीचं मला तुझ्या आईने सांगितलं. नरकचतुर्दशीला तू रात्री साडेबाराला उठून बसलीस, फोनवर आजीकडचं पहाटेचं अभ्यंगस्नान पाहिलंस, कारीट फोडताना पाहिलं, रडलीस, दोनला झोपलीस आणि सकाळी तशीच पारोशी शाळेत गेलीस. हे वाचून मला तुझी दया आली आणि रागही आला. तुझी पहाट कुठे गेली? तेल तुमच्या घरात होतं, उटणं तू पुण्याहून नेलेलं मला ठाऊक आहे. तुझ्या पाचला उठून, काळोखात, आईकडून तेल लावून घेतलं असतंस तर ती श्टुटगार्टची दिवाळी झाली असती, तुझी. आजीने ती फोनवर पाहिली असती, तिच्या साडेनऊला, फराळाच्या ताटावर बसून.

खाण्यापिण्याचं मी काही लिहीत नाही. क्वार्कचं, म्हणजे तिकडच्या चक्क्याचं, श्रीखंड तुझ्या आईला जमलंय, कढीपत्ता मिळतोय, त्या बाबतीत तुमचं आमच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.

आता एक गोष्ट, जी मी सहसा बोलत नाही. 1986 च्या ऑक्टोबरात एका रविवारी वर्गातली मुलं ब्लाउबॉयरेनला निघाली होती, ब्लाउटोफ बघायला. तो झरा आहे, एका खोल डोहातून वर येतो आणि पाणी इतकं निळं असतं की कोणी रंग कालवला असं वाटतं. मला पुन्हा कोणीतरी बोलावलं होतं, पंधरा महिन्यांनंतर. आणि मी गेले. रविवारी, दुपारी साडेबाराला, म्हणजे पुण्यात पाच वाजता, मी त्या डोहाच्या काठावर उभी होते आणि आजी खालच्या काकांकडे फोनपाशी बसली होती. बाबांनी तिला सांगितलं, ती मैत्रिणींबरोबर गेलीय. त्या आठवड्यात आजी आजारी पडली. तिला पुन्हा जिना उतरता आला नाही. संक्रांतीच्या आधी ती गेली.

आत्या अजूनही म्हणते, त्या रविवारी पोरगी थांबली असती तर. चाळीस वर्षं म्हणतेय. मी तिला कधी उत्तर दिलं नाही, तुला देते. मी गेले ते चुकलं नाही. थांबले असते तर आजीने विचारलं असतं, तिथे किती वाजले गं, आणि सांगायला माझ्याजवळ काय असतं? खिडकी आणि खोली. ती पंधरा महिने जे विचारत होती त्याचं पहिलं खरं उत्तर त्या दिवशी बाबांनी तिला दिलं: ती बाहेर आहे, मैत्रिणींबरोबर. काकूंनी नंतर सांगितलं की हे ऐकून आजी "बरं झालं" म्हणाली आणि फोन लगेच आजोबांकडे दिला. मी हे वाक्य जपून ठेवलंय. काकूंनी ते माझ्या समाधानासाठी रचलं असेल, असं आत्या म्हणते. मला तसं वाटत नाही. चुकलं असेल तर ते त्याच्या आधीच्या साठ रविवारी चुकलं, त्या एका रविवारी नाही. हे मी कोणाहीपुढे सांगेन.

असो. तुझं बोलणं चाललं होतं आणि मी माझंच लावून धरलं.

तुझ्या आजीला मी परवा फोन केला होता. ती ठणठणीत आहे, जिनाही उतरते, आणि तू दिवसातून चारदा फोन करतेस ह्याची तिला काळजी वाटते. तिने मला काय विचारलं सांगू? "ती शाळेत कधी असते हो? कधीही फोन केला तरी घरीच असते." फोन तोडायला मी सांगत नाही. एक वेळ ठरव, तुझ्या घड्याळाने. शाळेतून आल्यावर, खाऊन, तीनला म्हण. तिच्याकडे साडेसात होतात, दिवेलागण झालेली असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातील, तेव्हा तुझे तीन तिच्याकडे साडेसहा होतील. तिला तसं सांग. तिने तुझ्या तीनला जुळवून घेऊ दे, आज्यांना ते आवडतं.

आणि शनिवार. त्या मुलीच्या वाढदिवसाला तू नाही म्हणालीस, कारण हाल्ब फिअर, म्हणजे तुझ्या मते साडेचार, आणि तेव्हा ग्रुपचा व्हिडिओ कॉल अजून चालू असतो. आता खरी वेळ कळली, साडेतीन, म्हणजे कॉल सुरू होतो नेमका तेव्हाच, पुण्याचे आठ. पुण्याच्या मुलींना सांग की ह्या शनिवारी मी नाही. आणि जिचा वाढदिवस आहे तिला म्हण, माझं वेळेचं चुकलं होतं, अजूनही आले तर चालेल का? घरी केलेलं काहीतरी ने, चकल्या असतील तर चकल्या. साडेतीन म्हणजे साडेतीन, तिकडे तीन पस्तीसला पोचणं बरं दिसत नाही. चारच्या पुढे अंधारायला लागेल, परतताना बाबांना घ्यायला बोलाव.

परत यायचं की नाही ते आपण उन्हाळ्यात बोलू, तिकडे रात्री नवापर्यंत उजेड असतो तेव्हा. त्याआधी मी ह्या विषयावर एक अक्षर लिहिणार नाही, कितीही वेळा विचारलंस तरी.

रविवारी मला कळव काय झालं ते. दिवसा लिही, आणि सुरुवातीला तुझ्याकडे किती वाजलेत ते घाल.

तुझी,
मॅडम