प्रश्न वाचकांचे: मोडेम जोडला, पण इंटरनेट नाही

प्रश्न: मोडेम नंबर फिरवतो, शिट्टी आणि खरखर ऐकू येते. लिनक्समधला डायल करणारा प्रोग्राम डब्ल्यूव्हीडायल आयपी पत्ता मिळाल्याचंही सांगतो. पण ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नाही. मोडेम बदलावा का?

उत्तर: मुळीच नको. आयपी पत्ता मिळाला याचा अर्थ मोडेम, फोनची लाइन, पासवर्ड आणि पीपीपी (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडण्याची पद्धत) यांनी आपापलं काम केलेलं आहे. दोष त्यापुढे आहे आणि तो बहुधा राउटमध्ये (विचारणा कोणत्या वाटेने पाठवायची त्या नोंदीत) किंवा डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) असतो.

जोडणी चालू असतानाच टर्मिनलमध्ये 'राउट -एन' ही आज्ञा द्या. ज्या ओळीत पहिला रकाना ०.०.०.० आहे, तिच्या शेवटी 'पीपीपी०' दिसायला हवं. तिथे 'ईटीएच०' दिसलं तर सगळी विचारणा नेटवर्क कार्डाकडे जाते आहे आणि मोडेम नुसता लाइन धरून बसला आहे. आधीचा डीफॉल्ट राउट (हीच ०.०.०.० ची ओळ) असेल तर पीपीपीडी, म्हणजे पीपीपी चालवणारा प्रोग्राम, तो आपणहून काढत नाही. लॉगमध्ये तशी एक ओळ लिहून गप्प राहतो, म्हणून हा दोष पटकन लक्षात येत नाही. रूट (संगणकाचं प्रशासक खातं) होऊन 'राउट डेल डीफॉल्ट' द्या आणि पुन्हा डायल करा. पण संगणक बंद करून सुरू केला की तो राउट परत येईल. कायमचा उपाय म्हणजे नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधला गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता) पुसून टाकणं.

राउट बरोबर असेल, तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला आधी आकडी पत्त्याने पिंग करा, मग नावाने. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, म्हणजे डीएनएस अडलं. पीपीपीच्या ऑप्शन्स फाइलमध्ये 'यूजपीअरडीएनएस' ही ओळ घाला. एवढ्यानेही कधी कधी भागत नाही, कारण पीपीपीडी मिळालेले पत्ते इटीसी-पीपीपी फोल्डरातल्या रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये लिहितो आणि बाकीची प्रणाली थेट इटीसीमधली त्याच नावाची फाइल वाचते. दोन्ही फाइली उघडून ताडून पाहा. वेगळ्या असतील तर 'नेमसर्व्हर'च्या ओळी पहिलीतून दुसरीत उतरवा.

प्रश्न: ऑफिसच्या एक्स्चेंजमधून डायल केलं की 'नो डायलटोन' येतं. तोच मोडेम थेट लाइनवर चालतो.

उत्तर: एक्स्चेंजचा टोन मोडेमला ओळखता येत नाही. डब्ल्यूव्हीडायलच्या कॉन्फ फाइलमध्ये 'इनिट३ = एटीएक्स३' लिहा; मग तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. ही ओळ 'एटीझेड'च्या नंतरच हवी, कारण एटीझेड आधीची सेटिंग पुसतो. बाहेरच्या लाइनसाठी ० लागत असेल तर नंबराआधी ० आणि स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला मोडेम साधारण २ सेकंद थांबतो. लाइन उशिरा मिळत असेल तर दोन द्या.

प्रश्न: आतलं पीसीआय मोडेम कार्ड सापडतच नाही.

उत्तर: 'एलएसपीसीआय' ही आज्ञा चालवा. कार्डापुढे 'सीरियल कंट्रोलर' असेल तर ते बहुधा पूर्ण हार्डवेअर मोडेम आहे. 'कम्युनिकेशन कंट्रोलर' असेल तर विनमोडेमची शक्यता जास्त. त्यात मोडेमचं बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे नेमक्या त्या चिपचा आणि तुमच्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जुळणारा ड्रायव्हर लागतो. तो मिळत नसेल तर त्यामागे दिवस घालवू नका. सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजमधला कॉम१ म्हणजे लिनक्समधला टीटीवायएस०, आणि तो वापरायला तुमचं खातं 'डायलआउट' गटात असावं लागतं. काही वितरणांत या गटाचं नाव 'यूयूसीपी' असतं.