इसार देण्याआधी खड्डा खणा

प्रश्न : सोलापूरला सोरेगावच्या पुढे 30 × 50 फुटांचा एन.ए. प्लॉट बघितलाय. तिथे ड्रेनेज नाही, पण ड्रेनेज असलेल्या दुसऱ्या प्लॉटपेक्षा साडेतीन लाखांनी स्वस्त आहे. सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा 40 हजारांत होईल असं एजंट सांगतो. घरात पाच माणसं, पाण्यासाठी बोअर घेणार. एफडी मोडून 50 हजार इसार देऊ का?

उत्तर : एवढ्यात देऊ नका. साडेतीन लाख खरंच वाचतात का, हे तिथली जमीन ठरवणार.

साडेतीन लाख 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 24,500 रुपये व्याज. आता दुसरी बाजू. पाच माणसांचं संडास-मोरीचं पाणी दिवसाला 500 लिटर धरा. शोषखड्डा तुंबला की 5,000 लिटरची उपसा गाडी दर दहा दिवसांनी दारात. खेपेला 2,500 धरले तर महिन्याला 7,500. फक्त पावसाळ्याचे चार महिने असं झालं तरी 30,000. म्हणजे सगळं व्याज जाऊन वर 5,500 पदरचे. मोरीचं पाणी वेगळं काढून झाडांना दिलंत तर खेपा कमी होतील, एवढीच सवलत.

काळी माती फसवते ती उन्हाळ्यात. भेगा पडलेल्या असतात, बादलीभर पाणी ओतलं की गडप होतं आणि एजंट म्हणतो, "बघा, कसं मुरतंय!" तीच माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जागचं हलत नाही. म्हणून चाचणी भिजवूनच करायची.

मालकाला विचारून जेसीबीने सहा-सात फूट खणून घ्या. काळी माती किती, मुरूम कुठे लागतो, कातळ किती वर आहे ते दिसेल. पायाच्या खर्चाचा अंदाजही त्यातूनच येईल. मग शोषखड्डा जिथवर जाणार त्या थरात फूटभर रुंद खड्डा घ्या. पहारीने गुळगुळीत झालेल्या कडा खुरप्याने खरवडा, नाहीतर आकडा चुकतो. सुटी माती काढून तळाला 5 सेंमी खडी टाका, 30 सेंमी पाणी भरा आणि रात्रभर पातळी टिकवा. सकाळी खडीवर 15 सेंमी पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरतं ते पट्टीने मोजा. दोन-तीन ठिकाणी करा.

25 मिमी किंवा जास्त उतरलं तर शोषखड्डा चालेल. 12 ते 25 मध्ये असेल तर पाझर चर, म्हणजे पाणी मुरवणारे खडीचे लांब चर लागतील, आणि घर बांधल्यावर या प्लॉटवर त्यांना जागा उरणं कठीण. त्याहून कमी असेल तर मुरवण्याचा नाद सोडा. सेप्टिक टँकनंतर अपफ्लो फिल्टर, म्हणजे पाणी खालून वर खडीतून गाळणारी टाकी बसवावी लागेल. त्याचं कोटेशन घ्या आणि तेवढी रक्कम प्लॉटच्या भावातून कमी करून मागा. पाणी क्षणात नाहीसं झालं तरी खूश होऊ नका. खाली फुटका कातळ असेल तर ते न गाळता थेट बोअरमध्ये जातं.

बोअरचं तर गणितच बसत नाही. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान 18 मीटर, म्हणजे 59 फूट लांब हवा. तुमच्या प्लॉटचा कर्ण 58 फूट! शिवाय शेजाऱ्यांचे बोअर आहेतच. पिण्यासाठी नळाची लाईन मिळणार नसेल, तर मी चाचणीवरही पैसे घालवणार नाही, सरळ दुसरा प्लॉट घेईन.

लाईन मिळणार असेल तर आधी चाचणी, मग इसार. एजंटला घाईच असेल, तर 50 ऐवजी 5 हजारांचा चेक द्या आणि इसार पावतीवर लिहून घ्या : अर्ध्या तासात 25 मिमी पाणी मुरलं नाही तर पूर्ण रक्कम परत. तोवर एफडीला हात लावू नका.