ब्लॉटवर बँड येतो, पण स्लाइड कोरीच राहते

तुम्ही विचारलंय की एकच अँटीबॉडी (ठरावीक प्रोटीन ओळखून त्याला चिकटणारं प्रोटीन) वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून पडद्यावर तपासायची पद्धत) मस्त बँड, म्हणजे पट्टा, देते पण टिश्यूच्या स्लाइडवर रंगच येत नाही, तर ती खराब आहे का. लगेच फेकू नका हो. मी परळला लॅबमध्ये टिश्यू स्टेनिंग करते, माझ्या हातूनही असंच झालंय.

अँटीबॉडी अख्खं प्रोटीन ओळखतच नाही. ती पकडते पृष्ठभागावरचा छोटासा भाग, बऱ्याचदा १५-२० अमिनो आम्लांचा, तोच एपिटोप. अबोलीचा गजरा डोळ्यासमोर आणा. सरळ धरला तर पहिलं फूल आणि पंधरावं फूल लांब, पण अंबाड्याभोवती गुंडाळला की दोन्ही शेजारी येतात, प्रोटीनही तसंच स्वतःभोवती गुंडाळलेलं असतं. काही अँटीबॉडी सलग फुलं ओळखतात आणि काही अशी गुंडाळल्यावर शेजारी आलेली. वेस्टर्नमध्ये आपण एसडीएस (प्रोटीन उलगडणारा साबणासारखा पदार्थ) घालून उकळतो, म्हणजे गजरा सुटतो, आणि तुमची तिथे चालते म्हणजे तिचा एपिटोप बहुधा सलग आहे.

मग स्लाइडवर का नाही? फॉर्मलिन, टिश्यू टिकवायला वापरतात ते रसायन. ते प्रोटीनं एकमेकांना आडवीतिडवी बांधून टाकतं आणि एपिटोप आत झाकला जातो. १९९१ मध्ये दाखवलं गेलं की स्लाइड तापवली की ही बांधणी बरीच सैल होते. आम्ही चक्क प्रेशर कुकर वापरतो, सायट्रेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६, आणि नंतर वीसेक मिनिटं तशीच थंड होऊ देतो, घाई केली तर सेक्शन, म्हणजे टिश्यूचा पातळ काप, काचेवरून सुटून येतं. सायट्रेटने नाही जमलं तर पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए बघा, माझं काम तिथेच झालं होतं. सोबत ज्या टिश्यूत ते प्रोटीन नक्की असतं त्याची कंट्रोल स्लाइड लावाच, नाहीतर तुमच्या टिश्यूत ते नसेलच आणि तुम्ही बफर बदलत बसाल.

हे मी एवढं लिहितेय कारण ब्रेस्ट कॅन्सरच्या टिश्यूत हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रोटीन जोरात असेल तर पेशींच्या कडांनी खुराड्याच्या जाळीसारखा तपकिरी रंग येतो आणि त्यावर कुणाचं औषध ठरतं. त्या औषधांतही एपिटोपचाच खेळ आहे, ट्रास्टुझुमॅब हर-टूच्या चौथ्या डोमेनला (प्रोटीनच्या भागाला) चिकटतं, पर्टुझुमॅब दुसऱ्या, जागा वेगळ्या म्हणून दोन्ही एकत्र देता येतात.

अँटीबॉडीच्या डेटाशीटवर इम्युनोजेन (ती बनवायला वापरलेलं प्रोटीन किंवा त्याचा तुकडा) काय लिहिलंय ते आणि क्लोन नंबर (ती कोणत्या पेशीवंशातून आली त्याचा क्रमांक) खाली टाका, बघून सांगते.