सासू-सासऱ्यांना डिम सम खायला नेताना

सिंगापूरहून एक वाचक भगिनी लिहितात : सासू-सासरे दोन महिन्यांसाठी प्रथमच आमच्याकडे आले आहेत आणि मुलांनी त्यांना डिम सम खायला नेण्याचा हट्ट धरला आहे. सासरे मासे आणि कोंबडी खातात, डुकराचे मांस मात्र खात नाहीत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांना अंडेही चालत नाही. न्यावे की टाळावे?

जरूर न्यावे, पण आधी घरी बसून सासूबाईंना सगळे नीट सांगावे आणि मगच निघावे.

डिम सम हा दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग आणि हाँगकाँगकडच्या कँटोनीज लोकांचा, चहाबरोबर छोटे छोटे पदार्थ खाण्याचा प्रकार आहे. तिकडे या बेतालाच ‘यम चा’, म्हणजे चहा पिणे, असे म्हणतात. एकेका करंडीत तीन-चार नग येतात आणि ते सगळ्यांनी वाटून खायचे असतात. तुमच्या मुलांच्या मनात बहुधा ‘टिम हो वान’सारखे साधे, गर्दीचे ठिकाण असेल. २००९ मध्ये हाँगकाँगच्या माँगकॉक भागात हे छोटेसे दुकान सुरू झाले, लवकरच त्याला उत्तम उपाहारगृहांना दिला जाणारा मिशलिनचा तारा मिळाला आणि २०१३ मध्ये त्याची शाखा सिंगापुरात आली. तिथली सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे भट्टीत भाजलेला गोडसर पाव, आणि त्याच्या पोटात डुकराचे मांस असते. म्हणून दिसायला निरुपद्रवी असलेल्या पदार्थाविषयीही विचारावे.

विचारताना ‘हे व्हेज आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. भाजी दिसते म्हणून ‘हो’ असे उत्तर येऊ शकते, आणि त्यात विचारलेल्याला फसवण्याचा हेतू मुळीच नसतो. मी स्वतः एकदा माझ्या मावशीसाठी मुळ्याची वडी मागवली. मुळ्याचा कीस आणि तांदळाचे पीठ एकत्र करून उकडायचे, थंड झाल्यावर वड्या कापून तव्यावर परतायच्या, अशी ती अगदी आपल्या कोथिंबीर वडीच्या रीतीने केलेली असते. मावशीने दोन घास आवडीने खाल्ले आणि तिसऱ्या घासाला काट्यावर लालसर तुकडा दिसला. तो चिनी सॉसेजचा होता. पारंपरिक कृतीत तो आणि सुकी कोलंबी असतेच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मावशी काही बोलली नाही, ताट बाजूला सारून नुसता चहा पीत राहिली. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून घटकांची नावे घेऊन विचारावे : डुकराची चरबी, सुकी कोलंबी, ऑयस्टर सॉस (म्हणजे कालवांचा सॉस), मांसाचे पाणी, अंडे. उकडलेल्या हिरव्या भाजीवरही बहुतेकदा ऑयस्टर सॉस घातलेला असतो. तो नको म्हणून सांगता येते. एग टार्ट सासूबाईंसाठी बाद, आंब्याच्या पुडिंगमध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असू शकते. अळंबी आणि भाज्यांची डंपलिंग (म्हणजे पातळ पारीत सारण भरून उकडलेले नग), अझुकी या बारीक लाल कडधान्याच्या गोड सारणाचा पाव, तिळाचे तळलेले गोळे, यांवर त्यांचे भागू शकेल, मात्र पीठ मळताना किंवा सारणात चरबी घातली नाही ना, याची खात्री करून. सासऱ्यांच्या बाबतीतही सावध राहावे : हार गाव हे डंपलिंग कोलंबीचे असले, तरी सारण रसदार व्हावे म्हणून त्यात डुकराची चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे.

हार गाव जमत असेल, तर सासऱ्यांपुढची करंडी सासूबाईंना जवळून अवश्य दाखवावी. पारी गव्हाच्या चिकाची, म्हणजे आपण कुरडईला काढतो तोच चीक, आणि टॅपिओकाच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिठाची. उकडल्यावर ती इतकी पारदर्शक होते की आतली गुलाबी कोलंबी दिसते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बाईला त्या बारीक चुण्या पाहूनच करणाऱ्याचा हात कळेल.

एक गोष्ट मात्र लपवू नये : करंड्या एकावर एक उतरंडीसारख्या रचून एकाच वाफेवर उकडतात. हे ऐकून सासूबाईंनी नको म्हटले, तर आग्रह न करता चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधावे. तिथे मांस नसतेच, आणि धर्माचरणाचा भाग म्हणून कांदा-लसूणही बहुधा वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही ते सोयीचे जाते. अंड्याचे तेवढे तिथेही विचारावे.

गर्दी टाळण्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी, अकराच्या सुमारास जावे. वडीलधाऱ्यांना रांगेत उभे करू नये. टेबलावर किटली आली की आधी मोठ्यांच्या पेल्यात चहा ओततात, आणि ज्याला चहा मिळतो तो दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतो. चहा संपला की किटलीचे झाकण तिरके ठेवावे, म्हणजे न मागता पाणी भरून मिळते. मुलांना हे घरीच शिकवून ठेवा आणि पहिला पेला आजीला त्यांच्याच हातून भरू द्या.