पहिल्यांदाच ‘रझी’ जहाजाचं मॉडेल करताय? मग हे वाचा

रझी म्हणजे वरचा भाग कापून लहान केलेली मोठी युद्धनौका. सुरुवात ‘इंडिफॅटिगेबल’पासूनच करा. हे ब्रिटिश नौदलाचं ६४ तोफांचं जहाज १७८४ मध्ये इंग्लंडमधल्या बकलर्स हार्डला पाण्यात उतरलं आणि १७९४-९५ मध्ये पोर्ट्समथला वरून कापून त्याची फ्रिगेट, म्हणजे मुख्य तोफांचा एकच डेक असलेली युद्धनौका, केली.

नवखे लोक साध्या फ्रिगेटचा आराखडा घेऊन तोफा वाढवतात. तसं अजिबात करू नका. सांगाडा मूळ ६४ तोफांच्या जहाजाचाच राहतो, लाकूडही तेवढंच जाड. म्हणून तर खालच्या डेकवरच्या २६ चोवीस पौंडी (चोवीस पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या) तोफा तशाच ठेवता आल्या. तेव्हाच्या मोठ्या ब्रिटिश फ्रिगेटवरही सहसा अठरा पौंडीच असत. मॉडेलमध्ये तो भरभक्कमपणा दिसायलाच हवा, माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. तोफांच्या खिडक्यांची कड नीट बघा, भिंतीची जाडी तिथे उघडी पडते.

जानेवारी १७९७ च्या वादळात कप्तान एडवर्ड पेल्यूने हेच जहाज, सोबतीला ब्रिटिश फ्रिगेट ‘अ‍ॅमेझॉन’ घेऊन, ७४ तोफांच्या फ्रेंच ‘द्रुआ द लोम’वर घातलं. खवळलेल्या समुद्रामुळे फ्रेंचांना खालच्या खिडक्या नीट उघडताच येईनात. ते फ्रेंच जहाज शेवटी फ्रान्सच्या ओदिएर्नच्या उपसागरात किनाऱ्यावर आपटलं.

शिडांचं काम सगळ्यात शेवटी घ्या.